आधी औषध, मग आजार

समुद्री मासा विकत घेतला की हल्ली त्याच्यासोबत तीन औषधं येतात. एका बाटलीत निळं, दुसरीत हिरवं आणि एका पुडीत पिवळी पावडर. सूचना तोंडी असते: "दादा, पंधरा दिवस क्वारंटाइन करा. आज हे टाका, परवा ते टाका, अन् शेवटी पुडी. काही असलं-नसलं तरी सगळं निघून जाते." माशाला काय झालंय हे दुकानदाराने पाहिलेलं नसतं. काही झालंय का, हेही पाहिलेलं नसतं. कोर्स मात्र ठरलेला असतो. क्लाउनफिश असो, टँग असो की बटरफ्लायफिश, सगळ्यांना एकच.

या प्रकाराला क्वारंटाइन म्हणणं बंद करा, एवढंच मला सांगायचं आहे. निदानाशिवाय दिलेल्या औषधाने मासा वाचत नाही. तो मेला की दोष आजारावर जातो, इतकीच त्या कोर्सची करामत.

मी दारव्ह्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दिवसभर काचपट्ट्या पाहणं हे माझं काम. घरी दोन समुद्री टाक्या आहेत. त्यामुळे दारव्हा, यवतमाळ, दिग्रस, पुसद इकडची पोरं मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा घेऊन माझ्याकडे येतात आणि विचारतात, "भाऊ, याले कोणतं औषध मारू?" मी उलट विचारतो, "आतापर्यंत कायकाय मारलं?" यादी कधीच एका औषधाची नसते.

दारव्ह्यात समुद्र

समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकणाऱ्या गावात समुद्री मासे कशाला पाळायचे, असा प्रश्न मला नेहमी येतो. प्रश्न रास्त आहे. आमच्याकडच्या अनेकांनी समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत, मुंबईत १९५१ साली उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयात. आमच्या पिढीने त्याआधी 'फाइंडिंग निमो' पाहिला होता. आता मोबाइलवर ऑर्डर दिली की मासा घरपोच येतो. हौस पोचली, तिचा खर्च आणि तिचं ज्ञान मात्र मागे राहिलं.

खाऱ्या पाण्यात अवघड काही नाही. आरओचं पाणी घ्यायचं, लिटरला साधारण ३५ ग्रॅम समुद्री मीठ-मिश्रण टाकायचं. शंभर लिटरला साडेतीन किलो. अवघड आहे ते माशाचा प्रवास समजून घेणं.

हा मासा बहुतेक वेळा टाकीत जन्मलेला नसतो. तो इंडोनेशिया-फिलिपिन्सच्या प्रवाळातून किंवा आपल्या मन्नारच्या आखातातून पकडलेला असतो. आग्नेय आशियात मासे गुंगवण्यासाठी सायनाइड वापरल्याची प्रकरणं जुनी आहेत. असा मासा वरून धडधाकट दिसतो आणि काही दिवसांनी आतून खचून मरतो. पुढे निर्यातदार, आयातदार, मुंबईचा ठोक व्यापारी, नागपूर किंवा अमरावतीचं दुकान आणि शेवटी ट्रॅव्हल्सच्या डिकीत थर्माकोलची पेटी. प्रत्येक मुक्कामी नवी टाकी, नवे शेजारी, नवे जंतू. खाणं जवळपास नाहीच.

पिशवीत मासा श्वास सोडतो तसा पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पीएच उतरतो. त्याच पाण्यात अमोनियाही साठत असतो, पण पीएच कमी असल्याने तो बराचसा अमोनियमच्या, म्हणजे कमी विषारी रूपात राहतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवी उघडी ठेवून तासभर थेंब थेंब पाणी मिसळत बसणं म्हणजे माशाला त्याच्याच विषात भिजत ठेवणं. त्यापेक्षा पिशवी बंद असतानाच टाकीतल्या पाण्यावर तरंगवून तापमान जुळवावं, टाकीची क्षारता आधीच पिशवीइतकी करून ठेवावी आणि पिशवी उघडताच मासा उचलून टाकीत सोडावा.

इतकं सोसून आलेल्या जिवाला पहिल्याच दिवशी निळं, तिसऱ्या दिवशी हिरवं. हा उपचार कोणत्या अर्थाने?

पांढरा ठिपका म्हणजे एक आजार नव्हे

कोर्सवाल्यांचा सगळा डोलारा एका शब्दावर उभा आहे: व्हाइट स्पॉट. माशावर पांढरं काही दिसलं की व्हाइट स्पॉट, आणि व्हाइट स्पॉट म्हटलं की निळी बाटली. प्रत्यक्षात पांढरं दिसणारे निदान पाच वेगळे प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही.

पहिला क्रिप्टोकॅरिऑन. मिठाच्या कणांसारखे सुटे ठिपके. हा एकपेशीय परजीवी माशाच्या कातडीत आणि कल्ल्यांत काही दिवस पोसतो, मग गळून पडतो, काचेवर किंवा दगडावर गाठ करून बसतो. त्या गाठीतून शेकडो पिल्लं पोहत बाहेर पडतात आणि पुन्हा मासा शोधतात. तांब्याचं औषध फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं. कातडीतल्या परजीवीला आणि गाठीला ते काही करत नाही.

आता कोर्सची जादू कळेल. पाचव्या दिवशी ठिपके गेले, दुकानदार म्हणतो औषध लागू पडलं. ठिपके तसेही गेलेच असते, कारण परजीवी पोट भरून खाली उतरला होता. काही गाठी फुटायला दोन महिन्यांहून अधिक लागल्याच्या नोंदी आहेत. पंधरा दिवसांनी मासा मोठ्या टाकीत जातो, पंचविसाव्या दिवशी सगळ्या टाकीत ठिपके फुलतात आणि तोच दुकानदार सांगतो, तुमच्या पाण्यात दोष आहे.

दुसरा अॅमिलोऊडिनियम, ज्याला व्हेलवेट म्हणतात. बारीक पिठासारखी किंवा सोनेरी धुळीसारखी झाक. अनेकदा तीही दिसत नाही, कारण तो आधी कल्ल्यांवर बसतो. मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहतो, धापा टाकतो आणि दोन-चार दिवसांत जातो. इथे तांबं लागू पडतं, पण लगेच आणि मोजून.

तिसरा ब्रुकलिनेला. क्लाउनफिशवर इतका दिसतो की त्याला क्लाउनफिशचा रोग असंच नाव पडलंय. अंगावर चिकट पांढुरका थर, कातडी सुटल्यासारखी. हा माशाच्या अंगावरच दुभंगत वाढतो. तांबं याच्यावर चालत नाही. फॉर्मलिनची मोजून दिलेली आंघोळ चालते. कोर्सवाला मात्र आठवडाभर तांबं देतो, म्हणजे आठवडाभर काहीच देत नाही.

चौथा प्रकार कातडीवरच्या चपट्या कृमींचा, ज्यांना फ्लूक म्हणतात. यावर प्राझिक्वांटेल चालतं, पण ते अंड्यांवर परिणाम करत नाही म्हणून आठवड्याभराने पुन्हा द्यावं लागतं. तांबं इथेही कुचकामी.

पाचवा लिम्फोसिस्टिस. परांवर फुलकोबीच्या तुऱ्यासारखी पांढरी गाठ. हा विषाणू आहे. याला औषध नाही आणि बहुतेक वेळा लागतही नाही. नीट खाणं, स्वच्छ पाणी आणि काही आठवडे दिले की तो आपोआप ओसरतो. या माशाला तिन्ही औषधं दिली तर आजार तसाच राहतो आणि मासा औषधांनी खंगतो.

मी पाहिलेल्या मेलेल्या माशांत हा शेवटचा प्रकार सगळ्यात जास्त चटका लावणारा होता. एका पोराने आणलेल्या बटरफ्लायफिशच्या परावर एकच गाठ होती. त्याच्या टाकीत चार औषधं होती.

औषधाने मेलेला मासा ओळखता येत नाही

क्वारंटाइनच्या लहान टाकीत अमोनिया खाणारे जिवाणू स्पंज फिल्टरमध्ये वाढवावे लागतात. निळं औषध, म्हणजे मिथिलीन ब्लू, आणि अनेक अँटिबायोटिक्स या जिवाणूंना मारतात. मग अमोनिया चढतो. अमोनियाने कल्ले जळतात, मासा धापा टाकतो, पृष्ठभागाशी येतो. ही लक्षणं हुबेहूब आजाराची. पाळणारा घाबरतो आणि हिरवी बाटली उघडतो. फॉर्मलिन असेल तर पाण्यातला प्राणवायू आणखी उतरतो, आणि मे महिन्यात दारव्ह्याच्या टाकीत तो आधीच कमी असतो. त्यात दुपारी लाइट गेली की संपलंच. रात्री मासा मरतो. सकाळी निष्कर्ष निघतो: रोग फार जबर होता हो.

तांब्याबद्दल एक गोष्ट विदर्भातल्या माणसाला वेगळी सांगायला नको. कॉपर सल्फेट म्हणजे मोरचूद. बोर्डो मिश्रणात जो वापरतात तोच. ते विष आहे. त्याचा सगळा उपयोग इतकाच की ठरावीक प्रमाणात परजीवी माशाच्या आधी मरतो. आयनिक तांब्याचं ते प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम. खाली गेलं तर परजीवी मरत नाही, बरंच वर गेलं तर मासा मरतो. दुसऱ्या प्रकारच्या, बांधलेल्या तांब्याचं लक्ष्य वेगळं असतं, म्हणून बाटलीत कोणतं आहे हे आधी कळायला हवं. टाकीत प्रवाळाची वाळू किंवा दगड असेल तर तो तांबं शोषून घेतो आणि मोजमाप कोलमडतं. म्हणून क्वारंटाइनची टाकी उघडी-बोडकी असते: काच, स्पंज, पाइपचे दोन तुकडे. तांबं मोजायचा टेस्ट किट न देता तांबं विकणाऱ्याने विषच विकलं, मापाशिवाय.

आपली जुनी सवय

ही सवय माशांपासून सुरू झालेली नाही. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात आणि औषध 'मारतात'. पान पिवळं पडलं की शेतकरी कृषी केंद्रात जातो, पान दाखवतो किंवा नुसतं वर्णन करतो, आणि काउंटरवरचा माणूस दोन-तीन डबे पुढे ढकलतो. सगळं एका पंपात. किडीचं नाव कोणी विचारत नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. कारणं अनेक होती: वाढलेली कपाशी, गुलाबी बोंडअळी, संरक्षक कपड्यांचा अभाव, उष्मा. पण औषधांची सरमिसळ आणि सल्ला देणारा तोच विकणारा, ही कारणंही त्यात होतीच. माणसांच्या मरणाशी माशांच्या मरणाची बरोबरी मी करत नाही. काउंटर तोच आहे, इतकंच दाखवतोय.

तापाच्या रुग्णाचंही हेच. रक्त तपासायच्या आधी सलाइन आणि अँटिबायोटिक होऊन गेलेलं असतं, मग माझ्यापुढे आलेल्या नमुन्यात काही सापडत नाही. २०२० मध्ये तर सगळ्या देशाने हा खेळ पाहिला. कोविड होऊ नये म्हणून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन खाल्लं गेलं, पुढे मोठ्या चाचण्यांत ते कोविडवर निरुपयोगी ठरलं. त्याचा भाऊबंद क्लोरोक्विन समुद्री माशांच्या व्हेलवेटवर खरोखर उपयोगी आहे. औषध तेच घराणं. एका ठिकाणी आजार नेमका ठाऊक होता, दुसऱ्या ठिकाणी नुसती आशा होती.

त्याच वर्षी आपण अलगीकरण हा शब्दही शिकलो. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर शिक्के मारले गेले. शिक्क्याचा अर्थ होता: थांबा, आम्ही पाहतोय. मूळ कल्पना तीच आहे. वेगळं ठेवायचं आणि आजार स्वतःहून दिसेल इतका वेळ द्यायचा. आपण त्यातला वेळ काढून टाकला आणि बाटल्या घातल्या.

"पण इथे मायक्रोस्कोप कोणाकडे आहे?"

विरुद्ध बाजूचा युक्तिवाद मी टाळणार नाही, कारण तो मूर्खपणाचा नाही. ते म्हणतात: खेड्यात ना माशांचा डॉक्टर, ना प्रयोगशाळा. मोठी मत्स्यालयंसुद्धा नव्या माशांना आजार दिसण्याआधी औषध देतात. आणि व्हेलवेट दोन दिवसांत मारत असेल तर निदानाची वाट पाहणंच घातक.

शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. धापा, उजेड टाळणं आणि अन्न सोडणं एकत्र दिसलं तर मीही तांबं सुरू करतो, दिवसातून दोनदा मोजून. पण हेही निदानच झालं. लक्षणं पाहिली, सगळ्यात घातक शक्यता निवडली, तिच्यावर चालणारं एकच औषध दिलं. मोठी मत्स्यालयं आधी औषध देतात हे खरं, पण ती जात पाहून औषध निवडतात, प्रमाण रोज मोजतात, त्यांच्याकडे पशुवैद्य असतो आणि मेलेला प्रत्येक मासा चिरून पाहिला जातो. त्यांची बाटली उचलायची आणि मोजमाप तिथेच सोडायचं, ही नक्कल झाली.

आणि मायक्रोस्कोप? विद्यार्थ्यांचा साधा मायक्रोस्कोप चार-पाच हजारांत मिळतो, एका चांगल्या टँगच्या आसपास. प्रत्येक तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो धूळ खात पडलेला आहे. चाळीस ते शंभरपट मोठं दिसलं की पुरतं. आजारी माशाच्या अंगावरचा चिकटा काचपट्टीच्या कडेने हलकेच घ्यायचा, टाकीतल्या पाण्याचा एक थेंब, वर कव्हरस्लिप, आणि लगेच पाहायचं, कारण हे जीव वाळले की ओळखता येत नाहीत. सावकाश गोल फिरणारा काळपट गोळा म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. चिकटून स्तब्ध बसलेला गोल किंवा पेरूच्या आकाराचा म्हणजे अॅमिलोऊडिनियम. घेवड्याच्या दाण्यासारखा, सरपटत हलणारा म्हणजे ब्रुकलिनेला. हे ओळखायला पदवी लागत नाही, दहा वेळा पाहावं लागतं.

मायक्रोस्कोप अजिबातच नसेल तरी दोन गोष्टी करता येतात. एक, रोज ठरलेल्या वेळी कल्ल्यांची उघडझाप मिनिटभर मोजून वहीत लिहा. त्याच माशाचा आकडा वाढतोय का, हे कोणत्याही बाटलीपेक्षा आधी सांगतं. दोन, फ्लूकचा संशय असेल तर त्याच तापमानाच्या आणि तितक्याच पीएचच्या गोड्या पाण्यात, हवेचा दगड लावून, पाच मिनिटं आंघोळ द्या आणि नजर हटवू नका. कृमी असतील तर पांढरे पडून भांड्याच्या तळाशी पडलेले डोळ्यांना दिसतात. यातही मासा तडफडू लागला तर ताबडतोब बाहेर.

क्रिप्टोकॅरिऑनसाठी तर एक उपाय असा आहे ज्यात औषधच नाही. मासा दर ७२ तासांच्या आत दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून पुन्हा भरलेल्या टाकीत हलवायचा, बारा दिवसांत चार वेळा. गळून पडलेला परजीवी मागच्या टाकीत राहतो, त्याची पिल्लं बाहेर येईपर्यंत मासा पुढे गेलेला असतो. बादल्या, मीठ आणि कष्ट लागतात. यात विकण्यासारखं काही नाही, म्हणून दुकानात हा उपाय कोणी सांगत नाही.

मागायचं काय

सरकारने या धंद्याकडे कधी पाहिलंच नाही असं नाही. २०१७ च्या मे महिन्यात केंद्राने मत्स्यालय-दुकानांसाठी नियम काढले होते. दुकानात पशुवैद्य किंवा मत्स्यतज्ज्ञ असावा, काही जातींची विक्री बंद असावी, अशा तरतुदी होत्या. यादी अवाढव्य होती, धंदेवाईकांनी आरडाओरड केली आणि पुढे ते नियम मागे घेतले गेले. यादीवर वाद घालता आला असता. तज्ज्ञाची अटही तिच्यासोबत बुडाली, हे वाईट झालं. नागपूरला पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठ आहे, नागपूर-उदगीर-रत्नागिरीला मत्स्य महाविद्यालयं आहेत. तिथून पदवी घेतलेली मुलं नोकरी शोधत फिरतात आणि दुकानात औषध सांगतो तो काउंटरवरचा पोऱ्या.

अँटिबायोटिकचंही तसंच. खाण्याच्या कोळंबीच्या शेतीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाला आपल्याकडे बंदी आहे. शोभेचा मासा कोणी खात नाही म्हणून त्याच्या पुड्यांवर काय लिहिलंय हे कोणी वाचत नाही. ते पाणी शेवटी आपल्याच नालीत जातं.

नियम येतील तेव्हा येतील. तोवर विकत घेणाऱ्याच्या हातात बरंच आहे. मासा पसंत पडला की चार प्रश्न विचारा. हा तुमच्याकडे किती दिवसांपासून आहे? माझ्यासमोर खातो का? या टाकीत आतापर्यंत कोणतं औषध टाकलंय, ते लिहून द्याल का? आणि हा समुद्रातून पकडलाय की टाकीत जन्मलाय? शेवटचा प्रश्न क्लाउनफिशसाठी तरी विचारायलाच हवा, कारण त्याचं प्रजनन आपल्या देशात होतं. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ते कधीच करून दाखवलंय आणि आपल्या ऐरोलीतही मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रात ते झालंय. टाकीत जन्मलेला मासा तो लांबलचक, जंतूंनी भरलेला प्रवास टाळून येतो.

आणि ज्याच्याकडे चार ते सहा आठवडे चालवायला दुसरी टाकी, स्पंज फिल्टर, अमोनियाचा किट आणि लाइट गेल्यावर चालणारा एअर पंप नाही, त्याने समुद्री मासा घेऊ नये. हे ऐकायला कडू लागतं. पण गोड्या पाण्यातले मासेही सुंदर असतात आणि मे महिन्यातल्या दारव्ह्याशी त्यांचं जास्त जमतं.

दुकानदार प्रश्नांची उत्तरं देत नसेल आणि तीन बाटल्या पुढे सरकवत असेल, तर बाटल्या त्याच्याकडेच राहू द्या. मासाही.